गाड्यांचा पोळा

"आत तं आले, बाहेर कुठून जासान?"

आमच्या संग्रहालयात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न ऐकावा लागे. शाळेच्या सहलीला, नव्यानं लग्न झालेल्या जोडप्याला, आणि एकदा तर फीत कापायला आलेल्या एका मोठ्या साहेबांनाही. साहेब गोंधळून मागच्या दाराकडे बघू लागले. त्यांच्याबरोबरचा माणूस माझ्या कानाला लागला, "ये बुजुर्ग कौन हैं? तबीयत ठीक है ना?" आणि त्यानं डोक्याजवळ बोट फिरवलं. मी नुसता हसलो. ठीक आहेत असं छातीठोकपणे सांगावं, एवढी खात्री तेव्हा मलाही नव्हती.

आम्ही त्यांना दमकल काका म्हणायचो. दमकल म्हणजे हिंदीत आगीचा बंब, आणि सगळी नोकरी त्यांनी भिलाईच्या पोलाद प्लांटच्या अग्निशमन दलात काढली होती. मूळ घर गोंदियाकडचं, धानाच्या शेतीवालं. भिलाईत उभं आयुष्य गेलं तरी बोलणं गावाकडचंच राहिलं होतं. रिटायर झाल्यावर दोन महिने घरी बसले आणि सुनेचा स्वयंपाकघरातला प्रत्येक स्विच तपासून तिला जीव नकोसा केला. मग मुलानंच कुठून तरी ओळख काढून त्यांना आमच्याकडे आणून सोडलं.

आमच्याकडे म्हणजे भिलाईलगतच्या हथखोजला. तिथं आमच्या सेठजींचा ढलाईचा, म्हणजे लोखंड ओतायचा कारखाना. त्यातली एक लांबलचक शेड रिकामी पडली, तेव्हा सेठजींनी आयुष्यभर जमवलेल्या जुन्या गाड्या तिथं मांडल्या. एकूण एकोणीस. एका संस्थानिकाची विलायती मोटार होती, जीप होत्या, तीनचाकी होत्या, एक पितळी घंटेचा लाल बंबही होता. पण सेठजींचा जीव होता तो लाकडी बॉडीच्या एका बसमध्ये. भिलाई उभी राहत होती त्या काळात ही बस मजुरांना नंदिनीच्या खाणीवर ने-आण करायची, आणि तिचे ड्रायव्हर होते सेठजींचे वडील. मोठी माणसं आली की सेठजी त्यांना आधी विलायती मोटार दाखवायचे आणि मग हळूच बसकडे न्यायचे. ड्रायव्हरच्या सीटवर ते कुणालाही बसू देत नसत. स्वतःही बसत नसत.

मी त्या संग्रहालयाचा मॅनेजर. नाव मोठं, काम तिकिटं फाडायचं आणि फायली लावायचं. वडील प्लांटमध्ये क्लार्क होते, त्यामुळे नीटनेटकेपणा माझ्या रक्तात आहे. टेबलावर कागद तिरका दिसला तरी मला अस्वस्थ होतं. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढे सगळं त्यावरच येणार आहे.

काकांनी पहिल्या दिवशी शेडमध्ये एक चक्कर मारली आणि सेठजींच्या तोंडावर सांगितलं, "सेठजी, हे संग्रहालय नोहे. हे मांडून ठेवलेली चूल हाये. वाळलं लाकूड, कापूस, चामडं, वरून इतक्या वर्षांचं मुरलेलं तेल. फक्त काडी लावाची बाकी हाये."

सेठजींना मराठी निम्मीच कळायची, पण चूल कळली.

मग काकांचं राज्य सुरू झालं. सगळ्या गाड्यांचं पेट्रोल काढलं. बॅटऱ्या काढून आवारातल्या पत्र्याच्या खोलीत ठेवल्या. दोन गाड्यांमध्ये माणूस हात पसरून चालेल एवढं अंतर ठेवलं. हँडब्रेक सोडून चाकाखाली लाकडी ठोकळे लावले, म्हणजे ठोकळा लाथेनं उडवला की गाडी ढकलायला तयार. वाळूच्या लाल बादल्या टांगल्या. वाचमन त्यात तंबाखूचा खर्रा थुंकतो हे कळल्यावर दर सोमवारी ती वाळू घरच्या चाळणीनं चाळायला बसू लागले. चाळता चाळता वाचमनच्या सात पिढ्यांची विचारपूसही व्हायची.

सर्वांत गमतीचा प्रकार म्हणजे हुंगणं. सकाळी शेड उघडली की काका एकटे आत जाऊन डोळे मिटून उभे राहायचे. पाच-दहा मिनिटं. कुणी बोललं की हात वर करून गप्प करायचे. "धूर दिसते तवा उशीर झालेला राहते," ते म्हणायचे, "वास पहिले येते." या नाकापायी त्यांनी खर्रा सोडला होता आणि चहाही. चहानं नाक मरतं, हा त्यांचा स्वतःचा शोध. मी एकदा म्हटलं, "काकाजी, असं कोणत्याही पुस्तकात नाही." तर म्हणाले, "पुस्तकाले नाक राहते का?"

माझ्या लग्नाला ते रुआबांध्याच्या आमच्या मांडवात आले, तर आहेराआधी सिलिंडर कुठे आहेत ते विचारलं. आचाऱ्याशी भांडून तीनही सिलिंडर कनातीबाहेर काढले, झालरीला चिकटलेला हॅलोजन स्वतः स्टुलावर चढून हलवला आणि मग दाराजवळची खुर्ची धरून जेवले. सासरे मला म्हणाले, "हे तुमचे कोण?" मी म्हटलं, "ऑफिसातले." दुसरं काय म्हणणार? आज कुणी विचारलं तर वेगळं सांगेन.

आता त्यांच्या चहाबद्दल. स्वतः पीत नसले तरी लोकांना पाजत. पण फुकट नाही. ज्यानं आपण होऊन चूक कबूल केली त्यालाच. वाचमननं एकदा सांगितलं की थंडीत मी आत हीटर लावला होता. काकांनी हीटर जप्त केला, आणि चार वाजता त्याला नाक्यावरच्या टपरीवर नेऊन चहा पाजला. सेठजींनी एकदा ओशाळून कबुली दिली की विलायती मोटारीजवळ सिगारेट ओढली. एवढा मोठा माणूस, पण त्यालाही बाकड्यावर बसवून कटिंग पाजला. "आग लागली म्हून सांगणाराले मारलं, तं पुढच्या खेपेले कोनी सांगतच नाई," हे त्यांचं म्हणणं. लपवून ठेवलेली चूक सापडली की मात्र ते एक शब्द बोलत नसत. आठ-आठ दिवस नुसते बघत राहायचे, आणि ते फार जड जायचं.

माझ्या वाट्याला तो चहा चार वर्षांत एकदाही आला नव्हता. मला त्याचा अभिमान होता. काका कधी कधी म्हणायचे, "मॅनेजरसाहेबाले चहा आवडत नाही वाटते." मी हसण्यावारी न्यायचो.

भिलाईत विश्वकर्मापूजा काय असते हे बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. त्या दिवशी इथं साधा पाना आणि हातोडीसुद्धा हळदीकुंकवानं माखलेली असते. सेठजींच्या आईंची इच्छा होती की प्रत्येक गाडीच्या बॉनेटवर दिवा लागावा, कापूर जळावा. काकांनी साफ सांगितलं की शेडमध्ये उदबत्तीसुद्धा नाही. मोठाच पेच झाला. शेवटी काकांनीच तोड काढली. पूजा आवारात करायची, आणि गाड्या इंजिनानं नाही, माणसांनी दोर लावून ओढून बाहेर आणायच्या. प्रत्येक गाडीला पुढून एक जाड दोर बांधला. त्याला ते दावं म्हणायचे. कोणतं दावं कोणाच्या हातात, हे ठरलेलं. वाचमन, रंगारी, सुतार मिस्त्री, ढलाईतले कामगार, पूजेचे महाराज, अगदी सेठजींच्या सूनबाईसुद्धा. माझ्याकडे बस, सोबतीला कारखान्यातले सहाजण. काका घड्याळ लावून दारात उभे राहायचे आणि ओरडायचे, "चाला, पोळा निंघाला!" सजवलेल्या गाड्या रांगेनं बाहेर यायच्या आणि आईंना वाटायचं, किती थाटाची पूजा. घड्याळाचं प्रयोजन आम्हाला माहीत होतं. पहिल्या वर्षी दुपार झाली. चौथ्या वर्षी महाराजांचं सोवळं नेसून होईपर्यंत एकोणीसही गाड्या बाहेर होत्या.

लाल बंब नेहमी सगळ्यांत शेवटी. तो शेडच्या अगदी तळाशी उभा असे. तो पुढे ठेवा, पोरांना आवडतो, असं सेठजी किती वेळा म्हणाले. काका ऐकत नसत. तरुणपणी त्यांनी याच बंबावर काम केलं होतं. "बाकीचे निंघाल्याबिगर थो कसा निंघीन?" एवढंच म्हणायचे. त्याचं दावं त्यांच्या स्वतःच्या हातात. त्याची घंटा ते स्वतःच्या रुमालानं पुसताना मी पाहिलं आहे. मी पाहतोय हे लक्षात आल्यावर त्यांनी त्याच रुमालानं नाक पुसलं होतं.

तर पाचव्या वर्षीची पूजा. बसचं लाकूड मिस्त्री दोन वर्षांपासून जवसाच्या तेलानं घासून काढत होता. मिस्त्री धमधाकडचा छत्तीसगढी माणूस, हात सोन्याचा, तोंड मुकं. जवसाच्या तेलाच्या चिंध्यांबद्दल काकांचा कडक नियम होता. त्या कधी ढीग करून ठेवायच्या नाहीत. ढीग केला की आतल्या आत तापतात आणि काडी न लावता पेटतात. म्हणून एकेक चिंधी गेटसमोरच्या तारेवर वेगवेगळी वाळवायची आणि मग पाणी भरलेल्या, झाकणाच्या डब्यात टाकायची. मला हे पटलेलं नव्हतं. आपोआप पेटतात म्हणे! आमच्या आजोळी जवसाचं तेल पिंपांनी असायचं, कधी काही झालं नाही. चिंध्यांचा प्रश्न आजोळी कुणाला पडला नसावा.

त्या दिवशी मोठे पाहुणे येणार होते. सकाळी गाड्या बाहेर आल्या, हार चढले, रांगोळी झाली, आणि नेमकी गेटसमोर ती तार. तीस-चाळीस मळकट, तेलकट चिंध्या. मला बघवेना. मी त्या पटापट ओढल्या, एका पोत्यात कोंबल्या, फायलीला लावायची नाडी खिशात होती तिनं पोत्याचं तोंड आवळलं, आणि ते पोतं बसच्या शेवटच्या बाकाखाली सरकवून दिलं. पूजा झाली की काढू म्हटलं.

काकांच्या लक्षात आलंच. "तार रिकामी कावून बे?"

"मिस्त्रीनं डब्यात टाकल्या असतील," मी म्हटलं.

किती सहज म्हटलं मी ते. काका डब्याकडे निघाले होते, तेवढ्यात पाहुण्यांच्या गाड्या आल्या आणि सेठजींनी त्यांना हाक मारली.

पूजा झाली, गाड्या पुन्हा आत गेल्या, पाहुणे गेले. आवारात पंगत बसली. मी पोतं विसरलो होतो. काका नेहमीप्रमाणे शेडच्या दारापाशी बसले होते. बुंदी वाढत असताना मी पाहिलं, त्यांचा हात तोंडाजवळ थांबला होता. त्यांनी डोळे मिटले होते.

"जवस," ते म्हणाले. मग ताट बाजूला सारून उठले. "पोळा! पोळा काढा रे!"

लोक हसले. रंगारी म्हणाला, "काका, सुबह तो निकाला था!" पण हसता हसताही उठले, कारण उठायची सवय झाली होती. आणि मग बसच्या मागच्या खिडकीतून धूर आला.

पुढचं मला सलग आठवत नाही. ठोकळे उडाल्याचे आवाज आठवतात. सूनबाई पदर खोचून जीप ओढत होत्या हे आठवतं. कुणी कुणाला काही विचारलं नाही, प्रत्येकाला आपलं दावं माहीत होतं. काकांनी आग विझवायचं सिलिंडर मारून ज्वाळा जरा दाबल्या आणि मला ओरडले, "वढ बे!" आम्ही ती जळती बस बाहेर ओढली. मागचा अर्धा भाग आवारात जळाला. प्लांटचा बंब येईपर्यंत आम्ही तिच्यावर वाळू आणि पाणी ओतत राहिलो. बाकीच्या अठरा गाड्यांना धग लागली नाही. सर्वांत शेवटी, काळ्याठिक्कर धुरातून, लाल बंब बाहेर आला. दावं खांद्यावर घेऊन काका पुढे होते, मागून महाराज ढकलत होते.

सेठजी अर्ध्या बसपाशी उभे राहून लहान पोरासारखे रडले. मी पाणी नेऊन दिलं.

दुसऱ्या दिवशी सेठजींनी मिस्त्रीला बोलावलं. तेल त्याचं, चिंध्या त्याच्या, बस त्याच्या ताब्यात. मिस्त्री एवढंच म्हणाला, "मैं तो तार म टांगे रहेंव, साहेब." सेठजींनी विचारलं, मग तारेवरून कुणी काढल्या? मिस्त्रीनं खाली पाहिलं. मीही खाली पाहिलं. सेठजी त्याला तेव्हाच हाकलणार होते, पण काका म्हणाले, "तीन दिवस द्या. मी चौकशी करतो." मिस्त्रीला तीन दिवस घरी बसायला सांगितलं.

त्या दिवशी चारला काका टपरीवर गेले. मी ऑफिसच्या खिडकीतून पाहत होतो. त्यांनी दोन चहा सांगितले. दोन्ही कप समोर ठेवून बसले. अर्ध्या तासानं दोन्ही तसेच टाकून उठून आले. माझ्याशी एक शब्द नाही.

दुसऱ्या दिवशी तेच. दोन कप, दोन्ही भरलेले. त्यांना माहीत आहे हे मला कळलं होतं. मला राग आला, खरं सांगतो. माहीत आहे तर सांगून का टाकत नाही सेठजींना? घरी बायकोनं विचारलं, जेवत का नाही, तर तिच्यावर खेकसलो. नोकरी जाईल ही भीती होतीच. पण जास्त भीती दुसरीच होती. आजवर मी बिनचुकीचा माणूस होतो, आणि ते जाणार होतं. मिस्त्री घरी काय जेवत असेल हे माझ्या मनात तिसऱ्या दिवशी आलं. तिसऱ्या दिवशी. हे लिहितानाही मला लाज वाटते.

पुढचं आधी सांगून टाकतो, कारण मला शेवट टपरीवरच करायचा आहे. सेठजींना मी सगळं सांगितलं. सांगता सांगताच मी मनात राजीनाम्याचे शब्द जुळवू लागलो. मग काका म्हणाले, "याले काढसान तं नवा मानूस येईन. त्याले जवस काय करते थे माईत नसन. याले आता मरेपर्यंत माईत राहीन." सेठजींनी हातानंच जा म्हटलं. मिस्त्री दुसऱ्या दिवशी कामावर आला. मी त्याची माफी मागितली तेव्हा तो माझ्यापेक्षा जास्त अवघडला. बसचा मागचा भाग त्यानं वर्षभरात नवा केला. एक जळकी फळी मात्र काकांनी काढू दिली नाही. मग गुडघे थकले म्हणून काका गावी लेकीकडे गेले. फोन केला की पहिलं वाक्य, "सकाळी हुंगलं का?" मी हुंगतो. पाच मिनिटं, डोळे मिटून. सहलीची पोरं मला हसतात.

तर तिसऱ्या दिवशी चार वाजता मी टपरीवर गेलो. काका बाकड्यावर, समोर दोन कप. मी शेजारी बसलो. रस्त्यावरून सळ्यांचे ट्रक जात होते. एक, दोन, तीन ट्रक गेले.

"चिंध्या मी ठेवल्या," मी म्हटलं. "आणि मिस्त्रीचं नाव मीच घेतलं."

काकांनी शर्टाच्या खिशातून दोन बारीक पत्र्याच्या टोप्या काढून बाकड्यावर ठेवल्या. काळ्या पडलेल्या. फायलीच्या नाडीला दोन्ही टोकांना असतात त्या. नाडी जळून गेली होती, टोप्या राहिल्या होत्या. अख्ख्या हथखोजमध्ये पोतं फायलीच्या नाडीनं बांधणारा माणूस एकच.

"पहिल्याच दिवशी सापडल्या?"

"हाव."

"मग सांगितलं का नाही?"

"मी सांगतलं असतं तं तू चोर झाला असता," काका म्हणाले. "घे."

मी कप उचलला. चहा थंडगार, वर साय. मी तो सगळा प्यायलो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी लपवलं नाही. आणि मग मी पाहिलं, काकांनी दुसरा कप उचलला होता.

"काकाजी, तुम्ही?"

"त्या रोज मी डबा उघडाले निंघालो होतो. पाव्हणे आले म्हून वापस फिरलो. झाकण उघडलं असतं तं बस वाचली असती. आन तार बी गेटसमोर मीच बांधली. मानसाले लाज वाटते अशा जागी बांधली." कपाकडे पाहत ते म्हणाले, "तीन दिवसांपासून एक तुहा होता, एक माहा. मले एकट्याले पेववत नोहता."

त्यांनी एका दमात चहा संपवला आणि तोंड वाकडं केलं.

"लय साखर टाकते बे हा," ते म्हणाले, आणि गुडघ्यावर हात देऊन उठले. "चाल. सेठजी बसले असतीन. मी येतो तुह्यासंगं."